मधल्या घराचे उत्पन्न
अमेरिकेतील काउंटी पातळीवरील कौटुंबिक उत्पन्नाचा अंदाज आणि त्यातील धडे

(क्षेत्रीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



निधीचे वाटप न्याय्य रीतीने व्हावे असे प्रत्येक शासनाला वाटते. परंतु न्याय्य वाटपासाठी कोणत्या भागातील लोक किती मिळवतात हे आधी ठाऊक असावे लागते. संपूर्ण देशापुरते किंवा एखाद्या मोठ्या राज्यापुरते या प्रश्नाचे उत्तर काढणे फारसे अवघड नाही. काही हजार कुटुंबांची शास्त्रशुद्ध नमुना पाहणी केली की पुरेसा विश्वासार्ह आकडा हाती येतो. खरी अडचण पुढे सुरू होते. शाळा, दवाखाने, पाणीयोजना आणि घरकुले देशाच्या नकाशावर उभी राहत नाहीत. ती विशिष्ट जिल्ह्यात, विशिष्ट गावात उभी राहतात. जसजसा प्रदेश लहान होत जातो, तसतशी नमुन्यात सापडणारी घरे कमी होत जातात आणि आकडा डळमळू लागतो. जेथे आकड्याची गरज सर्वांत अधिक, तेथेच तो सर्वांत अशक्त असतो.

या अडचणीतून मार्ग काढण्याचा दीर्घ आणि पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला आहे. तेथील प्रत्येक काउंटीतील कौटुंबिक उत्पन्नाचा मध्यक दरवर्षी अंदाजाने काढला जातो. हा अंदाज कसा काढतात, त्यावर किती विसंबावे आणि आपल्या अनुभवाशी त्याचे नाते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

काउंटी म्हणजे काय?

अमेरिकेत राज्याखालचा प्रमुख प्रशासकीय घटक म्हणजे काउंटी. लुइझियाना राज्यात तिला पॅरिश म्हणतात, तर अलास्कात बरो म्हणतात. असे घटक ३,१०० हून अधिक आहेत. आपल्या जिल्ह्याशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. पण ही तुलना जपून करावी लागते. कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत एक कोटीच्या वर होती. टेक्सासमधील लव्हिंग काउंटीत त्याच जनगणनेत अवघी ६४ माणसे नोंदली गेली. प्रशासनाच्या दृष्टीने दोन्हींचे नाव एकच, दोन्हींचे स्थान एकच. एकीच्या उत्पन्नाचा अंदाज हजारो घरांच्या माहितीवर आधारता येतो. दुसरीत घरेच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एकाच तक्त्यात या दोघींसाठी आकडा भरावयाचा, हे सांख्यिकीच्या दृष्टीने मोठेच आव्हान होय.

सरासरी की मध्यक?

उत्पन्न सांगण्याच्या दोन रीती आहेत. पहिली सरासरीची. एका वस्तीत पाच घरे आहेत आणि त्यांचे वार्षिक उत्पन्न अनुक्रमे ६०, ७०, ८०, ९० हजार आणि २० लाख रुपये आहे, असे समजू. बेरीज २३ लाख आणि सरासरी ४ लाख ६० हजार. या वस्तीत एकाही घराचे उत्पन्न या सरासरीच्या आसपास नाही. एका श्रीमंत घराने सगळ्यांना कागदावर सधन करून टाकले. दुसरी रीत मध्यकाची. घरे उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने मांडावीत आणि बरोबर मधले घर पाहावे. ते ८० हजारांचे. निम्मी घरे त्याच्या खाली, निम्मी वर. श्रीमंत घराचे उत्पन्न २० लाखांवरून २ कोटींवर गेले तरी हा मध्यक जागचा हलत नाही. शाळेत मध्यक शिकविताना या गुणधर्माचा उल्लेख होतो. प्रशासनात त्याचे मोल पैशांत मोजले जाते.

वायोमिंग राज्यातील टेटन काउंटीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. निसर्गरम्य पर्वतराजी, राष्ट्रीय उद्यान आणि वैयक्तिक आयकर नसलेले राज्य, यांमुळे तेथे अनेक गडगंज धनिकांनी वास्तव्य केले आहे. व्याज, लाभांश आणि भाडे यांतून त्यांना मिळणारे उत्पन्न इतके प्रचंड आहे की २०२१ साली तेथील दरडोई उत्पन्न ३ लाख डॉलरांच्या वर गेले. पण त्याच काउंटीतील कौटुंबिक उत्पन्नाचा मध्यक सुमारे एक लाख डॉलरांच्या घरात आहे. म्हणजे 'सरासरी माणूस' हा 'मधल्या कुटुंबा'च्या जवळजवळ तिप्पट मिळवतो! हॉटेलात राबणारा, बर्फ उपसणारा, शाळेत शिकविणारा माणूस त्या दरडोई आकड्यात कोठेच दिसत नाही. मध्यक त्याला किमान रांगेत उभे करतो.

येथे 'कुटुंब' या शब्दाचा अर्थही ध्यानात घ्यावयास हवा. तेथील पाहणीत एका निवासस्थानात राहणारी सर्व माणसे मिळून एक कुटुंब मानले जाते. मग ती नात्याची असोत वा नसोत. एकटा राहणारा वृद्धही एक कुटुंबच. पंधरा वर्षांवरील सर्व सदस्यांची मजुरी, पगार, धंद्यातील निव्वळ मिळकत, व्याज, भाडे, निवृत्तिवेतन आणि रोख साहाय्य यांची करपूर्व बेरीज म्हणजे कौटुंबिक उत्पन्न. अन्नसाहाय्यासारखी वस्तुरूप मदत त्यात धरली जात नाही. त्यामुळे ज्या काउंटीत एकटे वृद्ध किंवा भाड्याच्या घरांतून राहणारे विद्यार्थी बहुसंख्य आहेत, तेथील मध्यक खाली दिसतो. तो दारिद्र्याचाच पुरावा असतो असे नाही.

दहा वर्षांनी येणारा आकडा

उत्पन्नाचा प्रश्न अमेरिकेच्या जनगणनेत प्रथम १९४० साली विचारला गेला. त्या वेळी त्यास बराच विरोध झाला. न्यू हॅम्पशायरचे सिनेटर चार्ल्स टोबी यांनी त्याविरुद्ध मोहीमच उघडली. मजुरी व पगार किती आणि इतर मार्गांनी ५० डॉलर वा अधिक मिळाले काय, एवढेच विचारले होते. पाच हजारांहून अधिक मजुरी असल्यास नेमका आकडा सांगण्याचीही सक्ती नव्हती. ज्यांना प्रगणकासमोर बोलायचे नसेल त्यांना बंद पाकिटातून उत्तर पाठविण्याची सोय होती. माणूस आपले वय सांगतो, जात सांगतो, आजारही सांगतो; पण मिळकत सांगताना थांबतो. ही गोष्ट सर्व देशांत सारखीच आहे.

पुढील दशकांत हा प्रश्न काही निवडक कुटुंबांनाच विचारण्यात येऊ लागला. २००० च्या जनगणनेत सुमारे सहापैकी एका कुटुंबाकडे प्रश्नांची लांब यादी गेली होती. एवढ्या मोठ्या नमुन्यामुळे बहुतेक काउंट्यांसाठी चांगला आकडा मिळत असे. उणीव होती ती काळाची. जनगणना दहा वर्षांनी होते, तीत आधीच्या वर्षाचे उत्पन्न विचारले जाते आणि आकडे संकलित होऊन बाहेर पडण्यास आणखी अवधी लागतो. दरम्यान एखाद्या काउंटीतील खाण बंद पडते, कारखाना दुसरीकडे जातो, तरुण माणसे गाव सोडतात. पण सरकारी तक्त्यात ती काउंटी पूर्वीइतकीच सुखवस्तू राहते.

हा केवळ अभ्यासकांचा प्रश्न नव्हता. १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यान्वये गरीब मुलांच्या शिक्षणासाठी केंद्रीय निधी दिला जातो. त्याचे वाटप त्या त्या भागातील गरीब मुलांच्या संख्येवर अवलंबून असते आणि ही संख्या प्रामुख्याने जनगणनेवरून घेतली जाई. एखादे मूल पहिलीत दाखल होऊन शाळा सोडेपर्यंत जुनाच आकडा चालू राही. ज्या भागात गरिबी वाढली तेथील शाळेला कमी पैसा मिळे आणि जेथे ती घटली तेथे अधिक. कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. तरीही परिणाम अन्यायाचाच होत असे.

नमुन्याची मर्यादा

मधल्या वर्षांत पाहण्या होत नव्हत्या असे नाही. चालू लोकसंख्या पाहणी दरमहा सुमारे ६० हजार घरांपर्यंत पोहोचते आणि देशाच्या उत्पन्नाचा व दारिद्र्याचा अधिकृत आकडा तीवरूनच ठरतो. पण ६० हजार घरे ३,१०० काउंट्यांत विभागली तर काय उरणार? निम्म्याहून अधिक काउंट्यांतील एकही घर या नमुन्यात येत नसे.

२००५ पासून अमेरिकन समुदाय पाहणी पूर्ण स्वरूपात सुरू झाली आणि २०१० च्या जनगणनेतून लांब प्रश्नावली वगळण्यात आली. ही पाहणी आता दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जाते. तरीही एका वर्षाचे आकडे प्रसिद्ध करण्यासाठी ६५ हजार लोकसंख्येची अट आहे. तीहून लहान काउंट्यांसाठी पाच वर्षांची माहिती एकत्र करून आकडा दिला जातो. बहुसंख्य काउंट्या या दुसऱ्या वर्गात मोडतात. पाच वर्षांची माहिती एकत्र केल्याने आकडा स्थिर होतो, पण ताजेपणा जातो. सुकाळ आणि दुष्काळ एकाच मापात ओतावा तसे होते.

पाचशे वस्तीच्या गावांचा प्रश्न

लहान प्रदेशांच्या या अडचणीवर ज्या कामातून वाट निघाली, ते काम काउंटीहूनही लहान गावांसाठी झाले होते. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत महसूल वाटणीची योजना सुरू झाली. सुमारे ३९ हजार स्थानिक शासनांना केंद्रीय महसुलाचा वाटा मिळणार होता आणि वाट्याच्या सूत्रात दरडोई उत्पन्नाचा समावेश होता. १९७० च्या जनगणनेत उत्पन्नाची माहिती सुमारे वीस टक्के नमुन्यावरून गोळा झाली होती. १०० वस्तीच्या गावात असा नमुना घेतला तर आकड्यातील प्रमाण त्रुटी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत जाई. ५०० वस्तीच्या गावात ती सुमारे १३ टक्के असे.

म्हणून प्रारंभी असे ठरले की ५०० हून कमी वस्तीच्या गावांसाठी त्यांचा स्वतःचा आकडा बाजूस ठेवावा आणि संपूर्ण काउंटीचा आकडा लावावा. सोय उत्तम; पण न्याय? सधन काउंटीतील गरीब खेडे या नियमाने एका रात्रीत सधन झाले. त्या गावातील ज्या चार-दोन घरांनी खरी माहिती दिली होती, त्यांचे म्हणणे पूर्णपणे पुसले गेले.

जनगणना कार्यालयातील रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट या दोन संख्याशास्त्रज्ञांनी यावर उपाय सुचविला. त्यांचा निबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला. चार्ल्स स्टाइन व विलार्ड जेम्स यांनी १९६१ पर्यंत मांडलेल्या एका तत्त्वाचा त्यांनी आधार घेतला. अनेक ठिकाणांचे अंदाज एकदम काढावयाचे असतील, तर प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करण्यापेक्षा सर्वांच्या माहितीचा परस्परांना आधार दिल्यास एकूण चूक कमी होते, असे ते तत्त्व. गावाचा स्वतःचा नमुना आणि काउंटीचे उत्पन्न, करविवरणे, घरांच्या किमती यांवरून काढलेला अपेक्षित आकडा, या दोन्हींना आपापल्या विश्वासार्हतेनुसार वजन द्यावयाचे. शिवाय अंतिम आकडा गावाच्या स्वतःच्या आकड्यापासून एका प्रमाण त्रुटीहून अधिक दूर जाऊ द्यावयाचा नाही, असे बंधनही त्यांनी घातले. १९७३ साली काही ठिकाणी विशेष संपूर्ण गणना करून हे अंदाज पडताळण्यात आले. केवळ नमुन्यावरचा आकडा आणि केवळ काउंटीचा आकडा, या दोहोंपेक्षा एकत्रित अंदाजातील सरासरी चूक कमी निघाली.

पद्धतीचे गणित

या पद्धतीचे मर्म एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका लहान काउंटीत पाहणीवरून मध्यक ६२ हजार डॉलर निघाला; पण घरे थोडी असल्याने त्याची प्रमाण त्रुटी ६ हजार आहे. दुसरीकडे, देशभरातील काउंट्यांचा अनुभव एकत्र करून जे समीकरण मांडले आहे, ते सांगते की अशा प्रकारची करविवरणे व अशी अर्थव्यवस्था असलेल्या काउंटीत मध्यक ५० हजार असावा आणि या अपेक्षेतील त्रुटी ३ हजार आहे. वजने त्रुटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात द्यावयाची असतात. ३६ आणि ९ यांच्या व्यस्तावरून ती १ आणि ४ येतात. म्हणजे पाहणीला एक भाग, समीकरणाला चार भाग. एकत्रित अंदाज ५२,४०० डॉलर. त्याची त्रुटी सुमारे २,७०० डॉलर, म्हणजे दोन्ही मूळ आकड्यांच्या त्रुटींपेक्षा कमी.

आता तेच आकडे एखाद्या मोठ्या काउंटीचे आहेत आणि पाहणीची प्रमाण त्रुटी फक्त १ हजार आहे असे समजू. मग वजने ९ आणि १ अशी होतात आणि अंदाज ६०,८०० येतो. जेथे स्वतःचा पुरावा भक्कम आहे तेथे तोच ऐकला जातो. जेथे तो क्षीण आहे तेथे शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष काढली जाते. पण स्वतःचा पुरावा कितीही क्षीण असला तरी त्याचे वजन शून्य होत नाही. प्रत्यक्षात हे गणित उत्पन्नाच्या लॉगॅरिथमवर केले जाते. तत्त्व मात्र हेच.

कायद्याची निकड

१९९४ साली अमेरिकेच्या कायदेमंडळाने शालेय सुधारणा कायदा संमत केला आणि शिक्षण निधीच्या वाटपासाठी जनगणनेच्या जुन्या आकड्यांऐवजी अद्ययावत अंदाज वापरावेत असा आदेश दिला. जनगणना कार्यालयाने यासाठी लहान प्रदेशांचे उत्पन्न व दारिद्र्य अंदाज हा कार्यक्रम हाती घेतला. १९९३ च्या उत्पन्नाचे काउंटीनिहाय अंदाज त्यातून तयार झाले. गरीब मुलांच्या संख्येबरोबरच कौटुंबिक उत्पन्नाचा मध्यकही त्यात दिला जातो.

नवे अंदाज आले म्हणून ते लगेच स्वीकारले गेले नाहीत. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञ समितीने त्यांची कसून छाननी केली. हीच पद्धत १९८९ च्या उत्पन्नाला लावून पाहिली आणि येणारे आकडे १९९० च्या जनगणनेशी ताडून पाहिले. पहिल्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ च्या वाटपासाठी, समितीने जुनी जनगणना आणि नवा अंदाज यांची सरासरी घ्यावी अशी शिफारस केली. नवी पद्धत चांगली दिसत असली तरी तिची पुरेशी पारख होईपर्यंत एखाद्या काउंटीच्या शाळांचा निधी एकदम तुटू नये, हा त्यामागील विवेक होता. पद्धत सिद्ध होत गेली तसतसा तिचा वापर वाढला.

आरंभी या अंदाजांचा पाया चालू लोकसंख्या पाहणी हा होता. २००५ च्या अंदाजापासून त्याची जागा समुदाय पाहणीने घेतली. जोडीला सरकारी कामकाजातून आपोआप तयार होणाऱ्या नोंदी घेतल्या जातात. आयकर विवरणांवरून मिळणारा उत्पन्नाचा मध्यक, विवरण न भरणाऱ्यांचे प्रमाण, काउंटीच्या एकूण वैयक्तिक उत्पन्नात सरकारी साहाय्याचा वाटा आणि पूर्वीच्या गणनेचा वा पंचवार्षिक माहितीचा आकडा, अशा खुणांवरून समीकरण मांडले जाते. दारिद्र्याच्या अंदाजासाठी अन्नसाहाय्य घेणाऱ्यांची संख्याही उपयोगी पडते. आयकराची माहिती केवळ आकडेवारीसाठी आणि कडक गोपनीयतेच्या कायद्याखाली वापरली जाते. तीवरून कोणा एका व्यक्तीविरुद्ध कारवाई करता येत नाही. ही हमी ढिली पडली तर नागरिक माहिती देणे थांबवतील आणि सारी इमारतच खचेल.

आकडा कसा वाचावा?

प्रत्येक काउंटीच्या मध्यकासोबत ९० टक्के विश्वासमर्यादा छापली जाते. वर्तमानपत्रे मधला आकडा उचलतात आणि मर्यादा सोडून देतात. त्यातून 'अमुक काउंटी ४० व्या क्रमांकावरून ५५ व्या क्रमांकावर घसरली' अशी वृत्ते जन्माला येतात. व्हर्जिनियातील लाउडन काउंटी अनेक वर्षे अग्रस्थानी आहे, एवढे निर्धास्तपणे सांगता येते. परंतु यादीच्या मधल्या शेकडो काउंट्यांच्या मर्यादा एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांच्या क्रमांकावरून हर्ष वा खेद मानणे व्यर्थ होय.

दोन वर्षांची तुलना करताना महागाईचा हिशेब करावा लागतो. दोन काउंट्यांची तुलना करताना घरभाड्याचा विचार करावा लागतो. महानगरातील ७० हजार डॉलर आणि खेड्यातील ७० हजार डॉलर यांची खरेदीशक्ती एक नसते. शिवाय मध्यक वाढला म्हणून गरीब सुधारले असेही म्हणता येत नाही. कमी मिळकतीची कुटुंबे भाडे न परवडल्याने गाव सोडून गेली, तरी मागे राहिलेल्यांचा मध्यक वाढतोच.

एका बाबतीत या यंत्रणेचा प्रामाणिकपणा नोंदण्याजोगा आहे. २०२० च्या महासाथीत उत्तरे देणाऱ्यांचे प्रमाण घटले आणि उत्तर देणारी कुटुंबे तुलनेने सुस्थितीतील निघाली. तेव्हा समुदाय पाहणीचे त्या वर्षाचे नेहमीचे एकवर्षीय आकडे प्रसिद्ध केले गेले नाहीत. केवळ 'प्रायोगिक' असे स्पष्ट लेबल लावून काही तक्ते देण्यात आले. आकडा न देणे हाही कधीकधी सांख्यिकीचा धर्म असतो.

महाराष्ट्रातील अनुभव

ही विचारसरणी महाराष्ट्राला सर्वस्वी परकी नाही. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात यादृच्छिक नमुना पद्धतीने पीक कापणी प्रयोगांची घडी बसविली. शेतात ठरलेल्या आकाराचा तुकडा आखून, पीक कापून, मळून आणि वजन करून उत्पादनाचा अंदाज काढण्याची ही पद्धत ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी सहायक यांच्या परिचयाची आहे. जिल्ह्यासाठी पुरेसे ठरणारे प्रयोग महसूल मंडळासाठी अपुरे पडतात आणि पीकविम्याची भरपाई तर मंडळाच्या आकड्यावर ठरते. काउंटीच्या उत्पन्नाचा आणि मंडळाच्या उत्पादनाचा प्रश्न मुळात एकच आहे.

उत्पन्नाच्या बाबतीत मात्र आपली स्थिती निराळी आहे. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हा उत्पन्नाचे अंदाज तयार करते आणि ते राज्याच्या आर्थिक पाहणीत प्रसिद्ध होतात. मुंबई, ठाणे, पुणे वर आणि नंदुरबार, गडचिरोली, वाशिम खाली, हे चित्र सर्वांस ठाऊक आहे. पण हा आकडा दरडोई आहे, म्हणजे सरासरीचा आहे. जिल्ह्यात किती मूल्य निर्माण झाले हे तो सांगतो. मधल्या कुटुंबाच्या हाती काय पडले हे सांगत नाही. शिवाय शेतीसारख्या क्षेत्राचे उत्पन्न जिल्ह्यातच मोजता येते, तर काही क्षेत्रांचा राज्याचा आकडा निर्देशकांच्या आधारे जिल्ह्यांत वाटून द्यावा लागतो.

भारताच्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्न नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रामुख्याने खर्चाची माहिती घेतली जाते. १९७१ साली प्रसिद्ध झालेला पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांचा दारिद्र्यविषयक अभ्यासही खर्चाच्या आकड्यांवरच आधारलेला होता. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत ग्रामीण कुटुंबातील सर्वाधिक मिळवत्या सदस्याची मासिक मिळकत विचारली गेली, पण ती ५ हजारांहून कमी, ५ ते १० हजार आणि १० हजारांहून अधिक अशा तीन गटांतच. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रचनेत जिल्हा हा मूळ घटक धरण्यात आला आणि २०२६ मध्ये देशव्यापी कौटुंबिक उत्पन्न पाहणी घेण्याचे केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ साली जाहीर केले. जिल्हा पातळीवरील मध्यकाच्या दिशेने टाकलेली ही पावले आहेत. ती पडत असतानाच लहान नमुन्याच्या मर्यादांची जाण गावपातळीपर्यंत पोहोचली पाहिजे.

क्षेत्रीय कार्यकर्त्यांचे कर्तव्य

समीकरणे मांडणे हे तज्ज्ञांचे काम खरे. पण समीकरणात जाणारा प्रत्येक आकडा कोठल्यातरी दारात उभे राहून कोणीतरी लिहून घेतलेला असतो. नमुन्यात आलेले घर बंद दिसले म्हणून शेजारचे घर घेतले, उत्तर मिळाले नाही म्हणून अदमासाने आकडा भरला, तर ती चूक पुढे कोणत्याही गणिताने धुऊन निघत नाही. लहान प्रदेशात तर एका घराचे वजन फार मोठे असते. नमुन्यातील एक घर म्हणजे न विचारलेल्या शेकडो घरांचा प्रतिनिधी होय. शिक्षकांना प्रगणकाचे काम अनेकदा करावे लागते. त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी.

पंचायत सदस्यांसमोर आकडा आला की त्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. हा आकडा सरासरीचा की मध्यकाचा? तो कोणत्या वर्षाचा? तो आपल्या गावात मोजलेला की मोठ्या प्रदेशावरून उतरविलेला? आणि त्यात किती चूक संभवते? या प्रश्नांची उत्तरे देता येत नसतील, तर तो आकडा ठरावात लिहिण्यापूर्वी थांबलेले बरे. उत्तरे मिळाली, तर आकडा अपुरा असला तरी त्याचा उपयोग करण्यास कचरू नये. अचूक माहितीची वाट पाहत निधी अडवून ठेवणे आणि जुन्या माहितीवर तो वाटून टाकणे, या दोन्हींची किंमत अखेर गरीब कुटुंबच मोजते.

अमेरिकेतील ५०० हून कमी वस्तीच्या गावांना प्रथम काउंटीचा आकडा चिकटविला गेला. नंतर त्या गावांतील थोड्या घरांच्या साक्षीलाही तिच्या ताकदीइतके वजन मिळाले. लहान गावाचा आवाज क्षीण असतो, म्हणून तो मोठ्या प्रदेशाच्या आवाजात मिळवून टाकणे सोपे. आणि तो क्षीण आहे हे विसरून त्यालाच अखेरचा शब्द मानणेही सोपे. दोन्ही टाळून त्याला योग्य ते वजन देणे, हे सांख्यिकीचे काम आहे आणि लोकशाही प्रशासनाचेही.